गप्प म्हणजे हो?

लातूर-नांदेडात लेकरू नीटच्या क्लासला असतं तोवर त्याच्यापुढं लग्नाचा विषय काढायची घरात कुणाची टाप नसते. नोकरीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात मामाचा फोन : "यंदा बार उडवायचा ना?" बार उडतो. सहा महिन्यांत दुसरा फोन : "गोड बातमी कधी?"

या प्रश्नांपुढं प्रत्येकाचा स्वभाव उघडा पडतो. भांडकुदळ तोंडावर नाही म्हणतो. आठ दिवस अबोला, नवव्या दिवशी आईच ताट वाढते. गोडबोल्या "दिवाळीनंतर बघू" म्हणत तीन दिवाळ्या काढतो. आणखी एकजण पुण्याची गाडी धरतो आणि घरचा फोन उचलत नाही. तिघंही सुटतात.

चौथी गप्प बसते.

आणि घर पाहुण्यांना कळवतं, "तिची काही हरकत नाही."

हे कुणी ठरवलं? तिला विचारलं कधी? चार मोठी माणसं समोर बसवून विचारलं असेल, तर ते विचारणं नव्हे, कळवणं झालं.

वेगळा स्वभाव समजूनही घेता येतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज यांच्या लेकीनं, इझाबेलनं, होणारा नवरा घरी आणला. त्याची विचार करायची रीत घरातल्या सगळ्यांहून निराळी. आई चक्रावली आणि माणसांच्या स्वभावांचा अभ्यास करायला बसली. पुढं मायलेकींनी मिळून १६ स्वभावप्रकारांची चाचणी घडवली. तिच्या शास्त्रीयतेवर मानसशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पण माणूस आपल्यासारखा नाही म्हटल्यावर त्याला समजून घ्यावंसं वाटणारी ती आई मला आवडते.

आपल्याकडं पत्रिकेत देवगण, मनुष्यगण, राक्षसगण; ३६ पैकी ६ गुण त्याचेच. स्वभाव जन्मनक्षत्राला विचारून होतो, पोरीला विचारायचा राहतो.

ही झाली शिकून नोकरीला लागलेल्यांची गोष्ट. आता अठराच्या आतल्या पोरींचे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के. नांदेडला खेटून असलेल्या परभणीत ४८. लातूरला खेटून असलेल्या बीडमध्ये ४३.७. सोळा वर्षांची कोणती पोरगी बापासमोर, पाहुण्यांदेखत "नको" म्हणेल? तिच्या गप्प बसण्याला संस्कार म्हणतात. ती घाबरलेली असते.

बालविवाहाविरुद्ध २००६ चा कायदा आहे, मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. पण फोन कुणी तरी करावा लागतो, आणि गप्प पोरीकडून तो होत नाही. तो शेजाऱ्यानं करायचा, वर्गशिक्षकानं करायचा.

नातवंडाचंही तसंच. २०२२ साली हरिद्वारच्या एका आईबापानं मुला-सुनेवर दावा ठोकला : वर्षात नातवंड द्या, नाही तर पाच कोटी द्या. देश हसला. आपल्याकडं कोर्टाची गरज पडत नाही. "नातवाचं तोंड बघून डोळे मिटू दे" एवढ्या एका वाक्यावर सून एकटी दवाखान्याच्या पायऱ्या चढते. लेकाची तपासणी? तो विषय कुणी काढतच नाही.

या रविवारी पाहुणे येणार असतील तर आधी तिला एकटीला विचारा. उत्तर यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस थांबा. तरीही ती गप्पच राहिली, तर पोहे भिजवू नका. पाहुण्यांना फोन करा.