वेट वाइप्सच्या पाकिटावरचा पहारा

वेट वाइप्स, म्हणजे एकदा वापरून टाकून द्यायची ओली फडकी, यांच्या अनेक पाकिटांवर आता दुहेरी बंदोबस्त असतो: पुन्हा चिकटवता येणारी झडप आणि तिच्याखाली छेडछाडदर्शक सील, म्हणजे पाकीट आधीच कोणी उघडले असल्यास फाटून तसे दाखवणारी खूण. या सीलचे कूळ मोठे गंभीर आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सुलांत कोणीतरी सायनाइड भरले, सात जण दगावले, आणि त्याच वर्षी अमेरिकेने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांना असे वेष्टन सक्तीचे केले. विषप्रयोगाविरुद्धचा तो पहारा आता बाळाची शी पुसायच्या फडक्यालाही लाभला आहे, हा प्रगतीचा महिमाच म्हणायचा. सील एकदा फाटले की त्याची नोकरी संपते. पुढची सारी भिस्त झडपेवर, आणि तिच्या डिंकाला पावडर व ओली बोटे लागली की एक कड उचकटते, पाणी थोडे उडते, थोडे तळाशी झिरपते आणि सर्वांत वरचे फडके पापडासारखे कडक होऊन हाती येते. फडके संडासात टाकले, तर अनेक फडक्यांत असणारे पॉलिएस्टरचे धागे मात्र गटारातही विरघळत नाहीत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात चरबी आणि अशाच वाइप्सचा सुमारे १३० टनांचा घट्ट गोळा सापडला व तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. इतका पक्का बंदोबस्त कोणत्याही पाकिटाला अद्याप साधलेला नाही.