अनामतवाले काका

पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला घरमालक नीट असा दोनदाच भेटतो. एकदा चावी देताना, एकदा चावी परत घेताना. पहिल्या भेटीत चहा होतो, बिस्किटं होतात, ‘घर आपलंच समजा’ हेही म्हणून होतं. दुसऱ्या भेटीत मालकाच्या हातात टॉर्च आणि वही असते, आणि भाडेकरूने घर खरोखर आपलं समजल्याचे पुरावे तो भिंतींवर शोधत असतो.

भाडेकरू आपसांत त्यांना ‘ओनर’ म्हणतात, फोनमध्ये ‘वाकड ओनर’ म्हणून साठवतात आणि तोंडावर काका म्हणतात. आपणही काकाच म्हणू. काका राहायला कोथरूडला. २००१च्या सुमारास सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती दिली, तेव्हा हाती आलेल्या रकमेतून त्यांनी वाकडला दोन खोल्या-किचन घेऊन ठेवलं. तेव्हा नातेवाईक हसले होते. ‘तिकडे कोण राहणार, कोल्हे?’ पुढे हिंजवडीत कंपन्या आल्या, लातूर-नांदेड-नागपूरहून पोरं आली, आणि नातेवाईक हसायचे थांबले. तेव्हापासून काका स्वतःला थोडे अर्थतज्ज्ञ समजतात.

त्यांच्याबद्दलचा एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. काका लबाड नाहीत. वाण्याने दहा रुपये जास्त परत दिले तर ते उन्हात चालत जाऊन देऊन येतील. सोसायटीच्या ताळेबंदात चौदा रुपयांची तफावत निघाली तर वार्षिक सभा अडवून धरतील. फक्त अनामतीच्या बाबतीत त्यांचं मन निराळ्या वाटेने जातं. भाडं पंचवीस हजार, अनामत पंचाहत्तर हजार. ती आली त्याच दिवशी काकांनी मुदत ठेवीत टाकली. पावतीवर नाव काकांचं, वारस म्हणून काकूंचं. ठेव एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. तीन वर्षांनी एक परका माणूस येतो आणि ती मोडायला सांगतो, तेव्हा काकांना मनापासून धक्का बसतो. आपण कुणाचं काही ठेवून घेतोय असं त्यांना वाटतच नाही. आपल्याकडून कुणीतरी काही नेतंय, असं वाटतं.

गंमत म्हणजे या ठेवीवर काकांना व्याज मिळतं हे सरकारने केव्हाच हेरलेलं आहे. लीव्ह अँड लायसन्स करारावर महाराष्ट्रात ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते नुसत्या भाड्यावर लागत नाही. परतफेडीच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज मिळतंय असं धरून ते व्याजही भाड्यात मिळवतात. अकरा महिन्यांचं भाडं पावणेतीन लाख, वर हे मानलेलं व्याज सुमारे सात हजार. सगळं मिळून शुल्क सातशेच्या आसपास निघतं. या सातशेतले निम्मे भाडेकरू देतो. म्हणजे काकांना मिळणाऱ्या व्याजावरच्या शुल्काचा अर्धा भार ज्याची अनामत त्याच्याच डोक्यावर, आणि करारात ठसठशीत लिहिलेलं असतं, ‘बिनव्याजी’. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, सगळे अंगठे टेकवतात, आणि हा मजकूर मोठ्याने कुणीच वाचत नाही.

काही काका करारच टाळू पाहतात. ‘आपलं घरगुती आहे, कशाला त्या भानगडी?’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधलं कलम ५५ त्यांनी वाचलेलं नसतं. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी त्यात घरमालकावर आहे. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरायचं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. आपले वाकडवाले काका मात्र बँकेतले. ते नोंदणी करतात, प्रत लॅमिनेट करतात आणि अनामत परतीचं कलम कोणत्या पानावर आहे ते विसरतात.

खरा काका दिसतो तो भाडेकरूने महिन्याची नोटीस दिल्यावर. ‘अरे वा, स्वतःचं घर घेतलंत? छान, छान. कुठे? रावेतला? पाणी आहे का तिकडे?’ इथवर सगळं गोड. मग भाडेकरू घसा खाकरतो. ‘काका, ते डिपॉझिटचं…’

‘देतो की! पळून चाललोय का मी?’

पळून जाण्याचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो पैसे कुठे आहेत हा. ठेव मागच्याच महिन्यात पुन्हा वर्षभरासाठी फिरवलेली. मोडली तर दंड. मग काका तोडगा काढतात, आणि तो मराठी घरमालकीचा पायाभूत सिद्धांत आहे: नवा भाडेकरू आला की त्याच्या अनामतीतून तुमची देतो. एकाची अनामत दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. काकांची मूळ पावती या साखळीत कधी हलतच नाही. जाणाऱ्याला जायची घाई असल्याने नवा भाडेकरू शोधायचं कामही आपसूक त्याच्याकडे येतं. तो ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकतो, रविवारी लोकांना घर दाखवतो, ‘हवा फार छान येते’ म्हणतो. पाण्याचा टँकर आणि खालच्या मजल्यावरचा पहाटेचा मिक्सर यांबद्दल अवाक्षर काढत नाही. घर घेताना याच माणसाने महिन्याभराचं भाडं दलाली म्हणून मोजलेलं असतं. आता तीच दलाली तो फुकटात करतो.

मग येतो तपासणीचा दिवस. काका सकाळी दहाला हजर, सोबत काकू. काकू बोलत नाहीत, फक्त ओट्यावरून बोट फिरवून ते बोट काकांना दाखवतात. काका टॉर्च मारतात, भर दिवसा. गॅसमागच्या टाइल्सवर तेलाचे पिवळे थेंब. बाथरूमच्या दारात तळाशी फुगलेलं प्लाय. मुलीच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, शेजारी तारखा; उंची मोजलेली. काकू तिथे क्षणभर थांबतात, कुणास ठाऊक काय आठवून, आणि पुढे जातात. हॉलमध्ये एक खिळा आहे. काका खिळ्यासमोर उभे राहतात.

‘हा तुमचा की आधीच्यांचा?’

‘आधीचाच असेल काका. आम्ही त्याला फक्त कालनिर्णय लावलं.’

‘म्हणजे वापरला.’

वहीत नोंद होते. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो येतो. अक्षर बँकेतलं, टपोरं. रंगकाम १८,०००. डीप क्लीनिंग ४,५००. गीझर सर्व्हिसिंग ९००. लॅचची तिसरी चावी ३५०. इतर २,०००. एकूण वजा २५,७५०. या यादीतली बाकी सगळी कलमं एका बाजूला आणि ‘इतर’ एका बाजूला. ‘इतर’ म्हणजे काय, हे आजवर कुणाही भाडेकरूला कळलेलं नाही, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘बारीकसारीक असतंच ना.’

रंगकामावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण भांडण हटकून तिथेच होतं. तीन वर्षांत भिंत मळते. माणसं राहिली की ती मळणारच. रोजच्या वापराने होणारी झीज वगळून घर होतं तसं परत द्यायचं, असं बहुतेक करारांतही लिहिलेलं असतं. केंद्राने २०२१च्या जूनमध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. कुणी काय दुरुस्त करायचं याची त्यात यादीच आहे, आणि भिंतींची सफेदी नि दारं-खिडक्यांचा रंग त्या यादीत मालकाच्या वाट्याला आलाय. नळाचे वॉशर, गीझर, बटणं, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा ही भाडेकरूची कामं. म्हणजे काकांच्या चिठ्ठीतले गीझरचे नऊशे एक वेळ पटतील, अठरा हजार नाहीत. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये, असंही त्यात आहे. पण हा नुसता आदर्श आहे. राज्याने आपला कायदा करून तो स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. काकांना त्याबद्दल सांगून पाहा. ‘बंगळूरला दहा-दहा महिन्यांचं घेतात, ठाऊक आहे?’ असं ते ऐकवतील, आणि ते खोटं नाही.

रंगावरून घासाघीस संपते न संपते तोच विजेचं बिल निघतं. ‘शेवटचं बिल येऊ द्या, मग एकदम हिशेब करू.’ महावितरणचं बिल ग्राहक क्रमांक टाकून घरबसल्या दिसतं, मीटरचा फोटो काढून आकडा तिथल्या तिथे ठरवता येतो. पण काकांना बिल हातात हवं. ते आल्यावर पाइप गॅसचं राहिलंय हे आठवतं. तेही आल्यावर पितृपक्ष असतो.

एवढं सगळं वाचून काका म्हणजे खलनायक वाटत असतील, तर त्यांच्या वडिलांची गोष्ट ऐकायला हवी. पेठेत अशा गोष्टी असलेली घरं कितीतरी. वडिलांचा नारायण पेठेत वाडा होता. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं बांधलं गेलं ते १ सप्टेंबर १९४०च्या दरांना. पन्नास वर्षं उलटली तरी खोलीचं भाडं सिनेमाच्या तिकिटाएवढंही नव्हतं. कौलं गळत, दुरुस्तीला भाडं पुरत नसे, आणि भाडेकरू हलत नसे. मग वडिलांनी शहाणपणा म्हणून एक खोली लीव्ह अँड लायसन्सवर दिली. भाडेकरू म्हणून नाही, परवानाधारक म्हणून. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ला जे चालू परवान्यावर राहत होते, ते सगळे एका फटक्यात भाडेकरू ठरले. तो परवानाधारक वाडा पडेपर्यंत तिथेच राहिला. त्या गोठलेल्या भाड्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अवाजवी म्हटलं. पुढे १९९९चा कायदा आला, जुन्या भाड्यांना वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, आणि परवान्याची मुदत संपूनही न हलणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घ्यायची सोय झाली. तोवर काकांचे वडील गेले होते. ‘राहायला दिलं की गेलं’ हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अनामत हा काकांच्या लेखी पैसा कमी आणि तावीज जास्त.

भाडेकरूही सगळे संत नसतात. नोटीस दिल्यापासून शेवटचे तीन महिने भाडंच न देणारे, ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणून फोन बंद ठेवणारे, एसीसाठी भिंतीला भगदाड पाडून त्यावर गणपतीचं पोस्टर चिकटवून जाणारे, सोसायटीचा दंड मागे ठेवून मध्यरात्री टेम्पो भरणारे. काकांच्या वहीत प्रत्येकाचं एक पान आहे. आत्ता समोर उभ्या असलेल्या सरळ माणसाच्या पंचवीस हजारांत त्या जुन्या पानांचं थोडं थोडं देणं मिसळलेलं असतं. ‘इतर’चा उगम बहुधा तिथे असावा.

काकांची खरी पंचाईत करतो तो त्यांचा स्वतःचा मुलगा. तो इंग्लंडमध्ये भाड्याने राहतो. तिथे २००७पासून बहुतेक घरांची अनामत मालकाने सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते, आणि २०१९पासून सर्वसाधारण घराला ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. किती कापायचं यावर दोघांचं एकमत झालं, की दहा दिवसांत पैसे परत. वाद झालाच, तर योजनेचाच पंच निवाडा देतो आणि कपात योग्य होती हे मालकाने दाखवायचं असतं. मुलाने घर बदललं, पैसे आले, आणि काकांनी सोसायटीच्या बाकावर आठवडाभर सगळ्यांना ते सांगितलं. ‘याला म्हणतात सिस्टिम. आपल्याकडे लोक दुसऱ्याचा पैसा दाबून बसतात.’ बाकावरचे दोघेतिघे स्वतःही घरमालकच होते. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

अशा माणसाकडून पैसे काढायचे तर भांडून उपयोग नाही. भांडण काकांना आवडतं, आणि त्यांच्याकडे वेळ आहे. ज्यांना पूर्ण रक्कम मिळाली त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी काम पहिल्याच भेटीत केलेलं दिसतं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढला, जुने डाग, फुगलेलं प्लाय आणि हॉलमधला तो खिळा यांसकट, आणि त्याच संध्याकाळी काकांना पाठवला. भाडं आणि अनामत दोन्ही बँकेतून दिलं. रंगाचे पैसे कापणार की नाही, आणि कापणार तर किती, हे करारातच लिहून घेतलं. नोटीस लेखी दिली, नुसती फोनवर नाही. चावी देताना ‘ताबा मिळाला’ असं तारखेसह लिहून त्यावर काकांची सही घेतली. काकांना असा माणूस आवडत नाही, पण बँकेतले असल्याने ते त्याला मानतात.

आणि ज्यांनी यातलं काहीच केलं नाही, त्यांनी कॅलेंडरवर लक्ष ठेवावं. पैसे वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर ती नव्याने सुरू होते. तोंडी शब्दाने होत नाही. काका बँकेत पस्तीस वर्षं कर्जविभागात होते, त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे ‘देतो’ ते फक्त फोनवर म्हणतात. त्यांच्याकडून कागदावर घ्या, खाली सही आणि तारीख घालून.