मास्टर्सवाला, जर्मन शाखा

जर्मनीत मास्टर्स करणारा मराठी विद्यार्थी मुख्यतः आखेन, श्टुटगार्ट, म्युनिक, ड्रेस्डेन, केम्नित्स, माग्डेबुर्ग आणि झीगन या गावांत आढळतो. यांतली शेवटची तीन नावे नातेवाइकांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून घरी ‘म्युनिकच्या जवळच’ असे सांगण्याची पद्धत आहे. झीगन ते म्युनिक हे अंतर साधारण पुणे ते पणजीइतके भरते.

त्याची पदवी बहुधा मेकॅनिकलची असते. नाशिकला बॉश, चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज अशा वातावरणात तो वाढलेला असतो. घराण्यातल्या एका तरी काकांनी जर्मन मशीनवर नोकरी केलेली असते आणि ‘तीस वर्षं झाली, साधा नट ढिला झाला नाही’ हे वाक्य त्याने प्रत्येक लग्नकार्यात ऐकलेले असते. मात्र निर्णय होतो तो फीवरून. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठे शिकवणीची फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अलीकडे फी सुरू केली आहे. तरीही ‘फुकट’ हा शब्द एकदा घरात शिरला की बाहेर निघत नाही. या फुकट शिक्षणाला किती पैसे लागतात, याचा उलगडा पुढची दोन-अडीच वर्षे टप्प्याटप्प्याने होत राहतो.

हा ओघ आता मोठा आहे. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिन्यांना मागे टाकले असून २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या सुमारे ४९ हजार होती. वाट मात्र जुनी आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या त्या काँग्रेस नेते जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन. आजचा विद्यार्थी बँकेकडून घेतो आणि वडिलांचा फ्लॅट तारण ठेवतो, एवढाच काय तो फरक.

पूर्वावस्था पुण्यात सुरू होते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना व्हिसासाठी एपीएस हे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. आपली पदवी खरी आहे, हे त्यात १८ हजार रुपये भरून सिद्ध करावे लागते. चार वर्षांत ज्या पदवीकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, तिची इतकी कसून तपासणी झालेली पाहून तो सुखावतोही. त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंट. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच जर्मन खात्यात भरायचे आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ याप्रमाणे काढायचे. या मुद्द्यावर घरी चर्चा होते.

‘म्हणजे पैसे आपलेच?’

‘हो, बाबा.’

‘आणि आपल्यालाच हप्त्याने देणार?’

‘हो.’

‘व्याज?’

‘नाही.’

बाबा बँकेतून निवृत्त झालेले असतील तर ही चर्चा आठवडाभर चालते.

भाषेसाठी तो बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवनात किंवा फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जातो. अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे हे कळल्यावर ए-टू या पातळीपाशी थांबतो. तेवढ्या जर्मनमध्ये त्याला स्टेशनचा रस्ता विचारता येतो, पण मिळालेले उत्तर समजत नाही. ‘माझी आजी नागपूरला राहते आणि तिला बागकाम आवडते’ हे वाक्य तो बिनचूक म्हणू शकतो. ते ऐकवण्याचा प्रसंग मात्र येत नाही.

सामान तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत भरतात. त्यातले पुस्तक एखादेच. बाकी गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुले, तीन लिटरचा कुकर आणि दोन जास्तीच्या शिट्ट्या. संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे व मांसाचे पदार्थ आणू नयेत, असा युरोपचा नियम आहे. तूप हा दुधाचा पदार्थ नाही, असे आईचे मत आहे. बरणी थर्मलच्या पायजम्यात गुंडाळली जाते.

पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे खोली. सरकारी वसतिगृहाची यादी लांबलचक असते, म्हणून तो ‘वेगे’कडे, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या घराकडे वळतो. तिथले रहिवासी नव्या उमेदवाराची मुलाखत घेतात. पगाराची नोकरी मिळवताना पुढे विचारले जाणार नाहीत असे प्रश्न इथे विचारतात: छंद कोणते, भांडी लगेच घासतोस का, आठवड्यातून किती वेळा मित्र येतात. तो ‘मला स्वयंपाक येतो’ असे सांगतो आणि त्या एका गुणावर निवडला जातो. पुढे त्याच गुणावरून भांडणे होतात.

घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते आणि नगरपालिकेची ‘टर्मिन’, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. मोठ्या शहरांत ही वेळ पुष्कळदा दोन आठवड्यांनंतरचीच मिळते. नियम पाळण्यासाठी नियम मोडावा लागतो, याचे जर्मन कारकुनाला काहीच वाटत नाही. तहसील कार्यालय पाहिलेल्या मराठी मुलालाही वाटू नये, पण त्याला वाटते, कारण तो जर्मनीला आलेला असतो. त्याच्या कल्पनेतल्या जर्मनीत रांग नव्हती, गाड्या वेळेवर होत्या आणि सगळे संगणकावर चालत होते. प्रत्यक्षात पत्रे टपालाने येतात आणि २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोहोचल्या त्या अवघ्या ६२.५ टक्के. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशिरात धरत नाहीत. नोंदणी होताच टपालाने येणारे पहिले पत्र नभोवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे असते: घरामागे महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही, हा बचाव चालत नाही.

दर रकमेला तो मनातल्या मनात गुणतो. युरो नव्वद रुपयांच्या घरात होता तेव्हा हिशेब अवघड जाई. युरो शंभरीला पोहोचल्यापासून हिशेब सोपा झाला आणि पोटात जास्त दुखू लागले. अडीचशे रुपयांची कॉफी तो पहिल्या सेमिस्टरमध्ये फक्त इतरांच्या हातात पाहतो.

स्वयंपाकघर हे त्याचे खरे विद्यापीठ. इथे तो जे संशोधन करतो त्याला क्रेडिट मिळत नाहीत. मैद्याला इथे ४०५ नंबरचे पीठ म्हणतात आणि पोळीला १०५० नंबर चालतो, हा शोध तिसऱ्या आठवड्यात लागतो. क्वार्क नावाचे जे दुकानात मिळते ते चक्क्याच्या इतके जवळ आहे की साखर, वेलची घालून त्याचे श्रीखंड होते. ताक ‘बुटरमिल्श’ या नावाने तयार मिळते. मसूर, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या तुर्की दुकानात. चूल काचेची, तिला ज्योत नाही, म्हणून फुलका फुगत नाही. फोनवर हे आईला समजावून सांगणे थर्मोडायनामिक्सच्या पेपरपेक्षा कठीण जाते. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, म्हणून फोडणीआधी जानेवारीतही खिडकी सताड उघडायची आणि अंगात जाकीट घालून कांदा परतायचा. कुकरच्या पहिल्या शिट्टीला घरातले जर्मन सहनिवासी जिन्यापर्यंत पळतात. दुसऱ्या शिट्टीला त्यांना सगळे समजावून झालेले असते. तिसऱ्या शिट्टीपर्यंत खालच्या मजल्यावरून दारावर चिठ्ठी येते. चिठ्ठीची सुरुवात ‘प्रिय शेजारी’ अशी आणि शेवट ‘स्नेहपूर्ण अभिवादनासह’ असा. मधल्या मजकुरावर मोबाइल धरून भाषांतर केल्यावर स्नेह कुठे दिसत नाही.

शांततेचे तास रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर. रविवारी दुकाने बंद, आणि या विश्रांतीला थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. शनिवारी संध्याकाळी दूध आणायचे विसरलेला विद्यार्थी रविवारी घटनेचा अभ्यास करतो. काचेच्या बाटल्या रविवारी टाकीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. इतर दिवशी पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळ्या टाक्यांत. कागद निळ्या डब्यात, प्लॅस्टिक पिवळ्यात. चहाचा चोथा कुठे, यावर बैठक होते.

याच कचऱ्यात त्याला पहिले उत्पन्न सापडते. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्राला दिली की ती परत मिळते. पार्टी संपल्यावर सगळ्यांत शेवटी निघणारा, आवराआवरीला मदत करणारा सालस मुलगा हाच. यंत्रातून निघालेली चार युरोंची पावती तो लगेच मोडत नाही. पाकिटात ठेवतो.

अभ्यासाविषयी थोडे सांगितले तरी पुरे. दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो आणि ही पाव तासाची दिरंगाई विद्यापीठाच्या परंपरेत अधिकृत आहे. इतका वक्तशीर देश हे कसे चालवून घेतो, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, पण या एका बाबतीत तो पहिल्या दिवसापासून पूर्ण जर्मन असतो. व्याख्यान संपले की मुले टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकतात. पहिल्यांदा त्याला हा दंगा वाटतो. दुसऱ्या सेमिस्टरला सगळ्यांत जोरात तोच ठोकतो. एटीकेटीच्या छायेत वाढलेल्याला धक्का बसतो तो परीक्षेच्या नियमाने: बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी, तिसरी हुकली की अभ्यासक्रम संपला.

गुणांची पद्धत उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. भारतीय गुणांचे या मापात रूपांतर करणारे बव्हेरियन सूत्र म्हणून एक आहे आणि सबंध इंजिनिअरिंगमध्ये त्याला तोंडपाठ असलेले सूत्र हेच. घरी मात्र गोंधळ होतो. बाबा सोसायटीच्या बाकावर अभिमानाने सांगतात, ‘पोराला एक पूर्णांक तीन मिळाले.’ शेजारचे काका जरा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, ‘होतं असं. पहिलंच सेमिस्टर आहे.’ पुढच्या सहामाहीत २.७ येतात. ‘वाढले की दुपटीने!’ असा आईचा फोन येतो. तो दुरुस्ती करत नाही.

नोकरीत दोन वर्ग आहेत. प्राध्यापकाच्या विभागातली ‘हिवी’ म्हणजे विद्यार्थी-साहाय्यकाची नोकरी प्रतिष्ठेची, तिचा फोटो घरी पाठवतात. दुसरी पार्सलच्या गोदामातली, पहाटे चारची. तिचे घरी सांगायचे नाव ‘लॉजिस्टिक्समध्ये पार्ट-टाइम’. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते. पहिल्या पगारानंतर गुणाकारात एक नवी पायरी येते: कॉफी अडीचशे रुपयांची न राहता बारा मिनिटांच्या खोक्यांची होते. ती तो पितो.

विद्यार्थिनींची लक्षणे वेगळी नाहीत. फक्त घरून येणारे फोन दुप्पट असतात आणि दुसऱ्या सेमिस्टरपासून त्यांत ‘स्थळ’ हा विषय दाखल होतो. भारताशी वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते, हा आईच्या मते जर्मन सरकारचा आळस असून ती आपल्या फोनच्या वेळा बदलत नाही. गणपतीत तो जवळच्या मोठ्या शहरातल्या मराठी मंडळात जातो. आरती त्याला पुण्यात कधी पाठ नव्हती. इथे मोबाइलवर बघून म्हणतो, आणि महाप्रसादानंतर उरलेली पुरणपोळी डब्यात भरून नेण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. डबा घरूनच आणलेला असतो.

तिसऱ्या सेमिस्टरच्या सुमारास आई-बाबा भेटीला येतात, तेव्हा बदल उघड होतो. रात्री साडेअकराला रिकाम्या रस्त्याच्या कडेला तिघे उभे असतात. सिग्नलवरचा लाल माणूस लाल आहे.

‘अरे, कुत्रंसुद्धा नाही रस्त्यावर.’

‘बाबा, लहान मुलं बघत असतात.’

बाबा लहान मुले शोधतात. आई थंडीने काकडते. तो हिरवा होईपर्यंत हलत नाही, आणि वाटेत त्यांच्या हातातली रिकामी बाटली काढून आपल्या पाठपिशवीत घालतो.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. या काळात ए-टूवर सोडलेली जर्मन भाषा सूड घेते. शंभर-दीडशे अर्ज जातात, नकाराची पत्रे येतात, तीही स्नेहपूर्ण अभिवादनासह. संध्याकाळच्या वर्गात तो पुन्हा बी-वनचे पुस्तक उघडून बसतो. ‘माझी आजी नागपूरला राहते’ हे वाक्य त्यात आता उपवाक्यांसह असते. यथावकाश नोकरी लागते, ब्लू कार्ड येते, कर्जाचे हप्ते सुरू होतात.

त्यानंतर तो विद्यार्थी राहत नाही, सीनियर होतो. पुढच्या वर्षी येणाऱ्यांचे त्याला पुण्याहून फोन येतात आणि तो तासतासभर मार्गदर्शन करतो: खोली कशी शोधावी, कुकर कोणता आणावा, तूप कशात गुंडाळावे. त्याने सांगितलेले आकडे बहुधा जुने असतात. देशभर चालणारा महिन्याचा पास त्याच्या हिशेबी अजून ४९ युरोंचा आहे. २०२५ मध्ये तो ५८ झाला.