खरी बातमी कशी मिळवावी : सोव्हिएत नागरिकांसाठी सूचना

वर्तमानपत्र जरूर घ्यावे. न घेणारा माणूस शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो. मात्र पहिल्या पानावरच्या पोलाद उत्पादनावर वेळ घालवू नये. थेट मृत्युलेखाखालच्या पुढाऱ्यांच्या सह्या गाठाव्यात. कोणाचे नाव खाली घसरले, कोणाचे गळाले, हे पत्रिका बघणाऱ्या गुरुजींच्या बारकाईने पाहावे. टिपून मात्र ठेवू नये. टिपण म्हणजे पुरावा.

टीव्हीवर काय लागले यापेक्षा काय लागले नाही, ते पाहावे. १० नोव्हेंबर १९८२ च्या संध्याकाळी पोलीस दिनाची ठरलेली मैफल रद्द झाली. जाणत्यांनी ओळखले, वरचे कोणीतरी गेले. प्रश्न एवढाच की कोण. देशाचे सर्वोच्च नेते ब्रेझनेव सकाळीच वारले होते, जाहीर झाले दुसऱ्या दिवशी. तेव्हा अवेळी गंभीर सिम्फनी सुरू झाल्यास रसग्रहण करत बसू नये, आधी साखर भरून ठेवावी.

रेडिओ घ्यायचा तर रीगाचा 'स्पिडोला' उत्तम. शॉर्टवेव्हचा संच विकणारेही सरकार आणि बीबीसी ऐकू येऊ नये म्हणून घरघर सोडणारेही सरकारच, यात विसंगती शोधू नये. घरघर शहरात जास्त असते, म्हणून शनिवारी गावाबाहेरच्या दाचावर, म्हणजे सुटीच्या घरी, जावे. कोणी विचारलेच तर बटाटे लावायचे आहेत.

बंदी घातलेली पुस्तके टाइप होऊन फिरतात. पातळ कागद, मध्ये कार्बन. सर्वांत खालची प्रत वाट्याला आली तर अर्धी अक्षरे आपणच भरावीत. रात्रीत संपवून सकाळी पुढे द्यावीत.

पण या सगळ्यापेक्षा भरवशाचे साधन म्हणजे सरकारी विश्वकोश. गुप्त पोलिसांचे प्रमुख बेरिया यांना १९५३ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या वर्षी वर्गणीदारांना घरपोच नवी पाने आली, सोबत पत्र : पाचव्या खंडातली अमुक पाने आणि फोटो कात्रीने किंवा ब्लेडने कापावीत, त्या जागी ही चिकटवावीत. नव्या पानांवर बेरिंग समुद्राला ऐसपैस जागा मिळाली होती. बेरियांचा लेख एरवी कोणी वाचला असता की नाही, शंकाच आहे. कापण्यापूर्वी मात्र वाचला असणारच. अशी पत्रे जपावीत. काय विसरायचे, हे इतक्या नेमकेपणाने दुसरे कोणी सांगत नाही.

शेवटची सूचना : शक्य असल्यास स्वीडनमध्ये एखादा ओळखीचा माणूस असावा. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. २८ तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रातली यंत्रे किरणोत्सर्ग दाखवू लागली. त्यानंतर, त्याच रात्री, मॉस्कोच्या टीव्हीने चार-पाच वाक्यांत अपघात झाल्याचे सांगितले. ज्यांची स्वीडनमध्ये ओळख नव्हती, ते जवळच्या कीवचे रहिवासी १ मे रोजी मुलाबाळांसह संचलनाला गेले.