सोळा सेक्टरचा अकरावा

चंदीगडमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या क्रिकेट संघात सात फलंदाज आहेत आणि सातही सलामीचे. कुणी दादरचा, कुणी सदाशिव पेठेतला. गावसकरचा वारसा आपल्याकडेच यायचा होता, वाटेत कुठेतरी अडकला, अशी प्रत्येकाची खात्री. उरलेल्या चौघांना 'अष्टपैलू' म्हणतात. त्यांत मी. माझे पैलू असे: किट माझ्या गाडीच्या डिकीत, आपली फलंदाजी चालू असताना पंच मी आणि झुडपात गेलेला चेंडू शोधायचाही मीच. (या शहराच्या फुलझाडांशी माझी ओळख झाली ती अशी.)

दुसऱ्या कुठल्या गावी हे खपलं असतं. पण इथं? सेक्टर 16 च्या संघात म्हणे एकदा एक गडी कमी पडला, म्हणून तेरा वर्षांच्या एका पोराला भरतीला घेतलं. तो कपिल देव! पुढे प्रशिक्षक देशप्रेम आझाद यांनी त्याला घडवलं, 434 कसोटी बळी झाले, 5248 धावा झाल्या. पण सुरुवात आकडा भरण्यापासूनच. आमच्या निवड समितीनं त्याला आधी "बॅटिंग कितव्या नंबरला?" असं विचारलं असतं आणि उत्तर ऐकून पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या असत्या. मुंबईनं तरी काय वेगळं केलं? तिथल्या शिबिरात त्यानं जास्त पोळ्या मागितल्या, वेगवान गोलंदाज आहे म्हणून सांगितलं. तर क्रिकेट प्रशासक केकी तारापोर यांनी, भारतात वेगवान गोलंदाज असतातच कुठे, असं सुनावलं. हा किस्सा खुद्द कपिलच सांगतो.

मला मात्र कपिलपेक्षा सय्यद किरमाणी जवळचा. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स, समोर झिंबाब्वे, आपण 5 बाद 17. कपिलच्या नाबाद 175 जगाला पाठ आहेत. पण नवव्या गड्यासाठी झालेल्या 126 च्या अभेद्य भागीदारीत दुसऱ्या टोकाला किरमाणी होता, नाबाद 24. संघाच्या बैठकीत मी हे काढलं, तर एक सलामीवीर म्हणाला, "चोवीस तर मीही करतो." करतो की! पण तोवर समोरचे दोघे धावचीत झालेले असतात.

मग मोहालीचा दाखला दिला. 30 मार्च 2011, विश्वचषकाची उपांत्य फेरी, पाकिस्तान. चंदीगडचा युवराज घरच्या प्रेक्षकांसमोर वहाब रियाजच्या पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. आमच्यातला कुणी असता तर उरलेला सामना मोबाइल बघत थर्डमॅनला घालवला असता. युवराजनं चेंडू हातात घेतला आणि असद शफिक, युनूस खान असे दोन बळी काढले. त्या दिवशी भारताच्या पाचही गोलंदाजांनी दोन-दोन बळी घेतले. इतकी समान वाटणी आमच्याकडे महाप्रसादाच्या मोदकांचीही होत नाही. लोकांना आठवतात त्या सचिनच्या 85. सातव्या क्रमांकावरच्या रैनाच्या नाबाद 36 कुणी काढत नाही, आणि आपण जिंकलो फक्त 29 धावांनी.

कप्तान ऐकून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर थोडा पश्चात्ताप दिसला म्हणून मी शेवटचं अस्त्र काढलं: एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. 27 कसोटींत 53 झेल, बहुतेक फॉरवर्ड शॉर्टलेगला, तेही हेल्मेटशिवाय!

"काका, पटलं," कप्तान म्हणाला. "रविवारी शॉर्टलेगला तुम्हीच."

रविवारी समोर जो सरदारजी फलंदाज होता, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे होते. आमच्या गोलंदाजाचा पहिला चेंडू अर्ध्या खेळपट्टीत पडला. मी झेप घेतली, अशी की प्रतिस्पर्ध्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. चेंडू एव्हाना ऑफच्या सीमारेषेबाहेर, झुडपात गेला होता. कप्तान तिथूनच ओरडला, "काका, आता उठलाच आहात तर..."