सवयीचा पेढा

अकोले तालुक्यातल्या राजूरला पहाटे पाचला उठून चालायला जाण्याच्या चळवळीने चांगलेच बाळसे धरले आहे. रात्री साडेअकरापर्यंत तिच्यावर चर्चा चालते. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली नव्या गोष्टीला सरावायला किमान २१ दिवसांचा हिशेब मांडला. २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सवयीसाठी सरासरी ६६ दिवस काढले. आमच्या मित्राने दोघांचाही मान राखला. २१ दिवस सवयींवरचे पुस्तक वाचले, ६६ दिवस वहीत चौकोन आखले. लाल समास, हिरवे पेन, मोत्यासारखे अक्षर. चालायचे तेवढे राहिले.

नाही म्हणायला एकदा गेला, मोटारसायकलवरून. येताना पेढे आणले. सवयीला लगेच बक्षीस द्यावे, असे शास्त्र आहे म्हणे. सवय अजून व्हायची होती, तेव्हा बक्षीस उचल म्हणून घेतले.

ही पद्धत सर्वत्र लागू व्हावी, अशी आमची नम्र शिफारस आहे. १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर चढण्याचा संकल्प पायथ्याच्या बारी गावातच चहा पिताना सोडावा. निम्मा डोंगर तिथेच सर होतो.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची मात्र कीव येते. शाळेत जाता आले नाही, त्यामुळे सवयींवरचे पुस्तक नशिबी नाही. वर्षानुवर्षे नुसते गावठी बियाणे जपत बसावे लागले. अखेर सरकारने २०२० ची पद्मश्री जाहीर करून त्यांची समजूत काढली.

मित्राला हे सांगितले. त्याने लगेच वही उघडली आणि नवा चौकोन आखला : ‘पद्मश्री’.