बुडबुड्यांचा पहारेकरी

भूगावात माणूस राहायला येतो तो दोन कारणांनी. एक, खिडकीतून डोंगर दिसतो. दोन, डोंगर दिसतो असं सांगितलं की कोथरूड परवडत नाही हे सांगावं लागत नाही. पण एकदा आला की शनिवार-रविवारी त्याला घराबाहेर पडता येत नाही, कारण मुळशी धरणाकडे निघालेलं अर्धं पुणे त्याच्या सोसायटीच्या फाटकासमोर हॉर्न वाजवत उभं असतं. मग सुट्टीचं करायचं काय? कुणी बोन्साय करतो, कुणी पाव भाजतो. या सगळ्यांच्या पुढे गेलेला जो असतो, तो मधाची दारू लावतो. तिला तो दारू म्हणत नाही. 'मीड' म्हणतो.

हा गृहस्थ चाळिशीतला, आयटीतला, हाताखाली दहा-बारा माणसं असलेला. पाच लिटरच्या काचेच्या बरणीत महाबळेश्वरचा सव्वा किलो मध, चार लिटर भरेल इतकं पाणी आणि चिमूटभर यीस्ट एवढं घातलं की त्याचं काम संपलं. पुढचं सगळं यीस्ट करतं. नुसत्या मधात पाणी जेमतेम अठरा-वीस टक्के असतं, तेवढ्यात यीस्टचं काही चालत नाही, म्हणून तर मध वर्षानुवर्षं टिकतो. पाणी घातलं की यीस्टला मोकळं रान. साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आपण काहीही न करता काम होतंय, हे मात्र मॅनेजर माणसाला सोसत नाही. तो बरणीसमोर खुर्ची टाकून बसतो.

बरणीच्या तोंडाला एअरलॉक असतो. पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. त्यातून 'बुळुक' असा आवाज आला की हा मोबाइलवर सेकंद मोजतो. झाकण नीट बसलं नसेल तर वायू भलतीकडून निसटतो, खोली तापली तर उगाच जास्त सुटतो, तेव्हा बुडबुड्यांवरून फारसं काही कळत नाही, हे तोच आपल्याला समजावून सांगतो. सांगून झालं की पुन्हा मोजायला लागतो. चांदणी चौकातून घरी यायला किती वेळ लागला, हेही तो हल्ली बुडबुड्यांत सांगतो.

खरं मोजमाप घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचं. सुरुवातीला १.०९०च्या आसपास दिसणारा आकडा साखर संपत जाईल तसा १.०००कडे उतरतो. एका मोजणीला शंभरेक मिली रस काढावा लागतो. तो परत ओतला तर जंतू जातील, म्हणून हा पिऊन टाकतो. मोजणी रोज दोनदा. याच गतीने चाललं तर मीड तयार होईल तेव्हा बरणीत मीड नसेल, आलेख मात्र देखणा असेल.

मधात नत्र कमी. यीस्टची उपासमार झाली की सडक्या अंड्याचा वास सुटतो. बायको प्लंबरला फोन लावते आणि हा आनंदाने ओरडतो, "हायड्रोजन सल्फाइड!" थंडीत बुडबुडे मंदावले की बरणीला कानटोपी चढते. कानटोपी आईची असते. ती माउली एवढंच म्हणते, "अरे, डोशाचं पीठ माझ्याकडे जन्मभर आंबलं. मी कधी त्याच्या उशाशी बसले नाही."

कायद्याचा विषय निघाला की त्याचा सूर बदलतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ती बरणीत असो की पिंपात. हा म्हणतो, "हे उत्पादन नाही, निरीक्षण आहे." बायको विचारते, "एक्साइजवाल्यांना हा फरक तू समजावणार की मी?" तेव्हा तो थोरांची नावं काढतो. पुण्याची 'मूनशाइन मीडरी' काढणारे रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनीही सुरुवात घरच्या प्रयोगांनीच केली होती. नाशिकच्या योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी तर आपल्या मीडला सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातलं 'सेराना' हे नाव दिलं. या सगळ्यांनी पुढे रीतसर परवाने काढून कारखाने घातले, हा भाग तो गाळ खाली बसावा तसा तळाशी राहू देतो.

पाहुण्यांना बोलावणं येतं ते प्यायचं नव्हे, बघायचं. दिवाणखान्यातला दिवा मालवला जातो, बरणीमागे टॉर्च लागतो, वर चढणारे बारीक बुडबुडे दाखवले जातात. "चव कशी आहे?" असं कुणी विचारलंच तर त्याला कीव येते. मीड मुरायला महिने लागतात, म्हणतो. तोवर दुसरी बरणी लावलेली असते.

तेव्हा भूगावच्या एखाद्या लिफ्टमध्ये कुणी शेजारी हसून "आमच्याकडे काल १.०४० झालं" असं म्हणाला, तर "काय?" असं विचारू नका. "अभिनंदन" म्हणा आणि जो मजला येईल त्यावर उतरा.